एकतीस जानेवारीपर्यंतचे केमिस्ट

मला फक्त आठ दिवस विचार करायचा होता. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी माणसाने आठ दिवस विचार करायचं म्हटलं की केवढा गोंधळ होतो, हे आधी कुणी सांगितलं असतं, तर मी विचार न करताच निर्णय घेऊन मोकळा झालो असतो. कुठलाही निर्णय. त्यात एवढा मनस्ताप झाला नसता.

श्रीरामपूरपासून एस.टी.ने अर्ध्या तासावर आमचा साखर कारखाना. नाव मुद्दाम सांगत नाही, तिथे अजून माझे संबंध आहेत. तिथल्या लॅबमध्ये मी केमिस्ट. त्या वेळी नोकरीला सव्वीस वर्षं झाली होती. रसाची बाटली नाकाजवळ धरली की ऊस कुठल्या गावचा, कुणाच्या बांधावरचा आणि तोडणीच्या आदल्या दिवशी त्याला पाणी दिलं होतं की नव्हतं, हे मी सांगायचो. एकदा तर मालकाची म्हैस उसात शिरली होती हेही सांगितलं. ते मात्र चुकलं. म्हैस शेजाऱ्याची निघाली.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना हर्षल आला. हर्षल म्हणजे माझ्या बहिणीचा मुलगा. नगरला (आता अहिल्यानगर म्हणायचं) सावेडीत एका फायनान्स कंपनीत होता. चहा अर्धा झाल्यावर म्हणाला, "मामा, किती दिवस त्या बाटल्या हुंगत बसणार? आमच्याकडे या."

"तुमच्याकडे काय हुंगायचं?"

"काही नाही. लोकांशी बोलायचं. त्यांच्या म्हातारपणाचं नियोजन करून द्यायचं. पंचक्रोशीतले अडीच हजार ऊसवाले तुम्हाला तोंडओळखीने ओळखतात. पदाचं नाव वरिष्ठ संबंध अधिकारी. एसी ऑफिस, पाळी नाही, रविवारची सुट्टी. पगार इथल्यापेक्षा जास्त."

अडीच हजार लोक मला ओळखतात, पण ते उसाचा साखरेचा उतारा कमी दाखवणारा माणूस म्हणून ओळखतात, हे मी त्याला बोललो नाही. भाच्यासमोर सगळंच बोलायचं नसतं. म्हटलं, "आठ दिवस विचार करतो."

त्याच संध्याकाळी कागद घेऊन मधोमध रेघ मारली. डावीकडे राहायचं, उजवीकडे जायचं. डावीकडे लिहिलं: कॉलनीतलं कोपऱ्यावरचं क्वार्टर, नळाला जोरात पाणी, दारात शेवगा, आणि लॅबमधली माझी खुर्ची. तिचा डावा हात निसटतो आणि नेमका कधी निसटतो हे फक्त मला कळतं. उजवीकडे लिहिलं: पाळ्यांची कटकट संपेल, पगार वाढेल, रविवार घरी. मग डावीकडे आणखी एक लिहिलं, मग उजवीकडे. नऊ विरुद्ध नऊ. मी कागद उलटासुलटा करून पाहिला. नऊ ते नऊच.

"तुझं काय मत?" मी जयमालाला विचारलं. जयमाला म्हणजे आमच्या सौभाग्यवती.

"मला दोन्ही चालतंय. फक्त ठरवा. आणि ठरवताना येरझारा घालू नका, आत्ताच फरशी पुसलीय."

शिर्डीला माझे साडू सहादू फुलांचं दुकान चालवतात. सल्ला घ्यायचा म्हणून त्यांना फोन केला. ते म्हणाले, "आबासाहेब, माझ्याकडून हार घेणाऱ्या दहा माणसांतली चार हेच विचारायला आलेली असतात, नोकरी सोडू का म्हणून. येतानाच त्यांचं ठरलेलं असतं. तुमचं काय ठरलंय?"

"माझं काहीच ठरलेलं नाही."

"मग तुम्ही दर्शनाला येऊच नका," ते म्हणाले, "उगीच रांग वाढते."

अशा वेळी जाऊन प्रत्यक्ष बघावं, बघायला काही पैसे पडत नाहीत, असा विचार करून मी सावेडीला मुलाखतीला गेलो. मुलाखत घेणाऱ्या मुलीचं नाव मोनिका. ती माझ्या नोकरीपेक्षा तीन वर्षांनी लहान असावी.

"सर, पाच वर्षांनंतर तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

"गेली सव्वीस वर्षं ज्या खुर्चीत बघतोय, त्याच."

तिने काहीतरी लिहून घेतलं. मी वाकून पाहिलं. 'स्थिर स्वभाव' असं लिहिलं होतं. मग विचारलं, "दबावाखाली काम करायची सवय आहे?"

"बॉयलरपासून चाळीस पावलांवर बसतो, बाई."

माझी निवड झाली. अनुभवाचा दाखला तेवढा आणून द्या म्हणाली. माझे आठ दिवस अजून संपायचे होते, पण दाखला काय, घेऊन ठेवायला हरकत नव्हती. इथेच माझी बुद्धी फिरली.

कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारभारी नावाचे कारकून होते. एकतीस वर्षं एकाच टेबलाशी. दाखला म्हटल्यावर त्यांनी कपाटातून एक पिवळा पडलेला छापील कागद काढला, फुंकर मारली, आणि माझं नाव लिहिलं. 'या तारखेपासून' असा रकाना होता, तो भरला. पुढे 'या तारखेपर्यंत' असा रकाना होता. तिथे त्यांचं पेन थांबलं.

"तो मोकळा ठेवा," मी म्हणालो.

"मोकळ्या रकान्यावर साहेब सही करत न्हाईत. मागं एक मोकळा गेल्ता, तर मला मेमो आल्ता."

"मग आजची तारीख टाका."

"आज कशी टाकू? आज तुमी कामावर हाय. समोर उभं हाय. खोटं लिवायचं व्हय?"

"मग रेघ ओढा."

"रेघ मेलेल्यांला ओढत्यात, आबासाहेब."

कारभारींनी थोडा विचार केला आणि माझ्यावर उपकार केल्यासारखं म्हणाले, "महिनाअखेर टाकतो. एकतीस जानेवारी. नुसतं भरायसाठी. कुनाला काय कळतंय?"

दाखल्याच्या चार प्रती निघतात हे मला ठाऊक नव्हतं. एक माझ्या हातात आली. एक कामगार अधिकाऱ्यांकडे गेली, एक कॅन्टीनला, आणि एक क्वार्टर्सचं वाटप करणाऱ्यांकडे. कॅन्टीनची प्रत सगळ्यात आधी वाचली गेली असणार, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आमच्या दारात शुभांगीवहिनी मोजपट्टी घेऊन उभ्या होत्या.

शुभांगीवहिनी म्हणजे काट्यावरच्या अजिनाथची बायको. उसाच्या गाड्या वजन करायचं काम अजिनाथचं. त्यांचं क्वार्टर मागच्या ओळीत. तिथे नळाला पाणी येतं, पण ते येतंय की जातंय हे कळायला बराच वेळ लागतो.

"जयमालाताई, तुमची खिडकी केवढी हो? पडदे शिवायला टाकते म्हटलं."

"कशाला?"

"एक तारखेपासून हे क्वार्टर आमच्या नावावर झालंय ना. तुम्हाला सांगितलं नाही वाटतं भावजींनी?" आणि माझ्याकडे वळून, अगदी प्रेमाने, "भावजी, शेवगा सोडून जाणार ना?"

"झाड कुठे घेऊन जातात का?"

"नाही हो, काही लोक जाताना तोडतात."

त्या दिवसापासून मी कॉलनीतून मान खाली घालून चालायला लागलो. उपयोग झाला नाही, लोक खाली वाकून सल्ला द्यायचे. एकजण म्हणायचा, फायनान्स म्हणजे नुसती हवा, जाऊ नका. दुसरा म्हणायचा, मी तुमच्या जागी असतो तर कालच गेलो असतो. हा दुसरा गेली अठरा वर्षं सगळ्यांच्या जागी आहे, आणि अजून कुठेच गेलेला नाही. मी प्रत्येकाला सांगायचो, "अहो, अजून ठरलेलं नाही." ते डोळा बारीक करून म्हणायचे, "बरोबर आहे, अगोदर कुणी सांगतं का!" कॅन्टीनवाल्याने माझा चहाचा कप दुसऱ्याला देऊन टाकला. सव्वीस वर्षांचा कप. मला कागदाच्या ग्लासात चहा. "पाहुण्यांना हाच देतो," म्हणाला.

शेवटी मी कामगार अधिकाऱ्यांकडे गेलो. म्हटलं, "साहेब, नोंद चुकून झालीय. मी कुठे चाललेलो नाही. म्हणजे, चाललेलो नाही असंही नाही, पण ते मला ठरवू द्या."

त्यांनी फाइल काढली. "नोंद दुरुस्त करायची तर ज्या अर्जामुळे नोंद झाली, तो अर्ज मागे घ्यावा लागतो."

"मी अर्ज दिलेलाच नाही."

"नोंद तुम्ही जाण्याची आहे. म्हणजे अर्ज राजीनाम्याचाच असणार. तो फाइलला दिसत नाही, ही तुमची चूक. तुम्ही तो आधी द्या आणि लगेच मागे घ्या. पाच मिनिटांचं काम."

मी खुळा. त्यांच्याच टेबलावर बसून एका कागदावर राजीनामा लिहिला, दुसऱ्यावर तो मागे घेत असल्याचा अर्ज. अक्षर दोन्हीकडे सारखंच सुवाच्य काढलं. त्या पाच मिनिटांतच कार्यकारी संचालक पुण्याला निघाले होते. शिपायाने राजीनामा गाडीपाशी नेला आणि त्यांनी बॉनेटवर ठेवून सही केली, मंजूर. दुसरा अर्ज घेऊन शिपाई पोचेपर्यंत गाडी गेटबाहेर. "तो मग संचालक मंडळापुढे ठेवावा लागेल," अधिकारी म्हणाले. "पुढची सभा बारा फेब्रुवारीला आहे."

"आणि मी?"

"तुम्ही एकतीस जानेवारीला," ते म्हणाले. वर, "अभिनंदन."

घरी येऊन सांगितलं तर जयमाला शांतपणे माळ्यावरची खोकी खाली काढू लागली. "बांधू का सोडू?" तिने विचारलं. मी म्हटलं, "निम्मं बांध." तिने खरोखर निम्मं बांधलं. पुढचे पंधरा दिवस घरात पोळपाट होता आणि लाटणं नव्हतं.

रोज संध्याकाळी हर्षलचा फोन. "मामा, फिक्स ना?" मी म्हणायचो, सांगतो. तो म्हणायचा, "एकतीसला संध्याकाळी पाचपर्यंत सांगा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल." म्हणजे एकीकडे खुर्ची हातची चालली होती आणि दुसरीकडे दुसरी खुर्ची वाट बघून कंटाळली होती. आणि मधोमध मी, नऊ विरुद्ध नऊ. सगळ्या कॉलनीने माझं काय ते ठरवून टाकलं होतं, फक्त मला ते ठरवायला जागा मिळत नव्हती.

एकतीस जानेवारीला दुपारी तीन वाजता कॅन्टीनच्या शेडमध्ये माझा निरोप समारंभ. मी जाणार नव्हतो. पण वर्गणी काढून झाली होती, बुंदी पाडून झाली होती. मी न जाता समारंभ झाला असता तर तो शोकसभेसारखा दिसला असता. गेलो. जयमाला पहिल्या ओळीत बसली. येताना तिने एवढंच सांगितलं होतं, "आज तरी घरी येताना एक काय ते घेऊन या."

भाषणं सुरू झाली. सव्वीस वर्षांत ज्यांनी माझ्या नावाने लेखी तक्रारी केल्या होत्या, ते एकेक येऊन माझा गौरव करू लागले. कुणी म्हणालं माझ्यासारखा मनमिळाऊ माणूस होणे नाही. हे ऐकून जयमाला मागे वळून बघू लागली, दुसऱ्या कुणाचा तर समारंभ नाही ना म्हणून. अजिनाथ तर बोलता बोलता रडला. म्हणाला, "आबासाहेबांची आठवण घरात पावलोपावली येत राहील." ते खरंच होतं. घर माझंच होतं.

मी घड्याळाकडे बघत होतो. साडेचार. हर्षलचे दोन फोन येऊन गेले होते. मनात म्हटलं, एवढं कौतुक होतंय तर जावंच, मागे फिरून यांना तोंड कसं दाखवायचं?

तेवढ्यात मागून बनाबाई उठल्या. लॅबच्या बाटल्या धुण्याचं काम त्यांचं. त्यांचं नाव वक्त्यांच्या यादीत नव्हतं. त्या माईकशी गेल्या नाहीत, जागेवरनंच बोलल्या.

"म्या बाटल्या धुती. एकोनीस वरसं झाली. हे साहेब लई किरकिरे हायती. धुतलेली बाटली उजेडाला धरून बघत्यात. डाग दिसला की माघारी. म्या मनात लई शिव्या दिल्यात त्यांला. आता नवं साहेब येत्याल. ते बघत्याल का न्हाई, कुनास ठावं. न्हाई बघितलं तर म्या तरी कशाला घासू? येवढंच."

आणि बसल्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. टाळ्या वाजवण्यासारखं ते वाटलंच नाही कुणाला.

मी खिशातला कागद चाचपला. नऊ आणि नऊ. क्वार्टर होतं, शेवगा होता, नळाचं पाणी होतं. बाटल्या कुठेच लिहिल्या नव्हत्या. मला एकदम रागच आला, स्वतःचा. उद्यापासून रस डाग पडलेल्या बाटलीत जाईल, उतारा चुकीचा निघेल, आणि मी सावेडीत एसीत बसून कुणाला तरी त्याचं म्हातारपण समजावत असेन.

सत्काराला उत्तर द्यायला उठलो तेव्हा पावणेपाच झाले होते. मी दोनच शब्द बोललो. "जात नाही."

एकाने सवयीने टाळी वाजवली आणि इकडेतिकडे बघून हात मागे घेतला. शुभांगीवहिनींनी अजिनाथला कोपराने ढोसलं.

"आबासाहेब," अजिनाथ म्हणाला, "सोफा टेम्पोत चढलाय."

अध्यक्षस्थानी कामगार अधिकारी होते. त्यांचा चेहरा लाल. "हे नियमात बसत नाही. हार आणलेला आहे, शाल आणलीय, नारळ आहे. कार्यक्रम पत्रिकेवर आहे. हार परत घेत नाहीत. तो कुणाच्या तरी गळ्यात गेला पाहिजे."

"माज्या घाला."

सगळ्यांनी मागे बघितलं. कारभारी उभे होते. टोपी हातात.

"कारभारी, चेष्टा करू नका."

"चेष्टा न्हाई, साहेब. एकतीस वरसं मी दुसऱ्यांचं जानं लिवतोय. नऊशे मानसं लिवली. कुनी म्हनलं न्हाई, कारभारी, तुला कुटं जायचंय का. माजी सहा वरसं ऱ्हायलीत, ती बी ह्याच टेबलाला घासायची व्हय?" मग माझ्याकडे बघून, आवाज खाली आणून, "आबासाहेब, ती सावेडीची जागा रिकामी हाय का वो?"

मी तिथेच, स्टेजवर उभं राहून, हर्षलला फोन लावला. सांगितलं, मी येत नाही, पण एक गृहस्थ आहेत. वय चोपन्न.

"मामा, चोपन्न?"

"त्यांना नऊशे माणसांच्या जन्मतारखा पाठ आहेत. कोण कधी निवृत्त होणार आणि वारस म्हणून कुणाचं नाव लावलंय, तेही."

मग हर्षल म्हणाला, "त्यांना उद्याच पाठवा."

हार कारभारींच्या गळ्यात पडला. ते खूप रडले. त्यांच्यासाठी कुणीच भाषण तयार केलं नव्हतं, म्हणून माझीच भाषणं नाव बदलून पुन्हा म्हटली गेली. मनमिळाऊ वगैरे. त्यांना ती नीट बसली. बुंदी सगळ्यांना पुरली.

क्वार्टर मात्र गेलं. वाटपाचा हुकूम निघाला होता आणि तो मागे घ्यायला पुन्हा कुठला तरी अर्ज आधी द्यावा लागला असता. मी हात जोडले. त्याच टेम्पोने अजिनाथचा सोफा पुढच्या ओळीत उतरला आणि परतीच्या फेरीत आमची खोकी मागच्या ओळीत. जयमालाने नळाखाली बादली लावली आणि म्हणाली, "बरं झालं, ठरलं एकदाचं." आमचे पडदे त्या खिडक्यांना चार बोटं लांब झाले. शेवग्याच्या शेंगा शुभांगीवहिनी दर वर्षी पाठवतात. मोजून.

माझा राजीनामा मागे घेण्याचा विषय बारा फेब्रुवारीच्या सभेत आला नाही. पुढच्या सभेत येईल असं ठरलं. तेव्हापासून तो दर सभेत 'पुढच्या सभेत' येतो. अडचण काही झाली नाही, कारण पगार निघतो हजेरीच्या मस्टरवरून आणि लॅबचं मस्टर मीच लिहितो. नोकरीचं दप्तर वेगळ्या कपाटात असतं. त्या कपाटाची किल्ली कारभारींबरोबर सावेडीला गेली की काय, कुणी विचारलं नाही.

याला आता तेरा वर्षं झाली. मी बासष्ट वर्षांचा आहे. आमच्याकडे साठीला निवृत्त करतात. माझ्या बरोबरीचे सगळे नारळ घेऊन घरी बसले. बनाबाईही गेल्या. बाटल्या धुणारी नवी बाई मला मनातल्या मनात नाही, तोंडावर बोलते. मी वाट बघितली सहा महिने, वर्षभर. निवृत्तीचं पत्र काही येईना. गुडघे दुखतात, पाळी झेपत नाही, म्हणून परवा स्वतःच टाइम ऑफिसात गेलो. तिथे आता ओम नावाचा कारकून संगणकावर बसतो. त्याने माझं नाव टाकलं, खाली-वर सरकवलं, आणि मान वर केली.

"काका, तुम्ही तर तेरा वर्षांपूर्वीच गेलात."

"अरे, मी समोर उभा आहे."

"ते दिसतंय. पण निवृत्त व्हायचं तर आधी माणूस कामावर पाहिजे. तुम्ही कामावर असल्याचा पुरावा आणा, मग लगेच करून टाकू."

मी तो पुरावा शोधायच्या मागे आहे. पण सध्या गळीत हंगाम जोरात आहे, ड्यूटीतून वेळच मिळत नाही.